निवासी योगशिबिरात पडद्यामागचं काम: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मावळ, मुळशी, भोर किंवा कोकणातल्या एखाद्या वाडीवर भरणारं सात दिवसांचं निवासी शिबिर डोळ्यांपुढे ठेवून हा मजकूर लिहिला आहे. तीस शिबिरार्थी, शिक्षक आणि कार्यकर्ते मिळून दहा, म्हणजे रोज चाळीस ताटं. तुमचं शिबिर याहून लहान-मोठं असेल तर आकडे त्या पटीत धरा. इथे आसनं कशी करायची ते सापडणार नाही. साडेसहाला शिक्षक सभागृहात येतात तेव्हा फरशी कोरडी असणं, मोरीत गरम पाणी असणं आणि सव्वाआठला पोहे मोकळे असणं हे ज्यांच्यामुळे होतं, त्यांच्यासाठी हे आहे.

जाण्याआधी विचारून घ्या

‘सेवा’ या शब्दाखाली बऱ्याच गोष्टी मोघम राहतात. रोज किती तास काम, कोणत्या पाळीत, मधली सुट्टी कधी, राहायची सोय काय, मानधन आहे की फक्त जेवणखाण, आणि शिबिरातल्या वर्गांना बसता येणार का, हे फोनवरच विचारा. सहा-सात तासांचं काम आणि एका वर्गाची मुभा हे रास्त आहे. ‘सगळ्या वर्गांना बसा आणि स्वयंपाकघरही सांभाळा’ असं कुणी म्हणालं तर त्यांनी वेळापत्रक नीट मांडून पाहिलेलं नाही असं समजा. सकाळचा वर्ग आणि नाश्त्याची तयारी एकाच वेळी असते. दोन्ही जमत नाही.

सोबत रबरी तळाच्या, आवाज न करणाऱ्या चपला, बॅटरी, दोन जुने सुती पंचे, पावसाळा असेल तर गमबूट आणि स्वतःचं घड्याळ घ्या. घड्याळ अशासाठी की मोबाइल खिशात ठेवायचा नसतो.

स्वयंपाकघरात गावातल्या मावशी असतात. तुम्ही शहरातून कितीही शिकून आला असलात तरी तिथे मावशींचा शब्द चालतो. पहिल्या दिवशी ‘मावशी, मी काय करू?’ एवढंच विचारा आणि सांगतील ते निवडा, चिरा, घासा. मीठ-तिखटात सूचना करायची घाई नको. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट व्हायला हवी: कांदा-लसूण चालणार की नाही. तो निर्णय शिबिराचा असतो. तो अर्धवट कळला की आमटीत लसणाची फोडणी पडते आणि चाळीस माणसांची आमटी पुन्हा करावी लागते.

पाणी

गावाकडच्या शिबिरात सगळ्यात आधी पाणी बघायचं. माणशी दिवसाला १३५ लिटर धरा. चाळीस माणसांना ५,४०० लिटर होतात. त्यात प्यायचं, स्वयंपाकाचं, आंघोळीचं, शौचालयाचं आणि थोडं धुण्याचं पाणी आलं. शुद्धिक्रियांच्या (नाक, पोट धुऊन साफ करायच्या क्रियांच्या) दिवशी दीड हजार लिटर जास्त लागतं, ते का ते पुढे येईल. म्हणून वरची टाकी ५,००० लिटरची असेल तर ती दिवसातून दोनदा भरायला हवी.

विहिरीवरचा पंप बहुतेक ठिकाणी शेतीच्या फीडरवर असतो आणि थ्री-फेज वीज पाळीने येते, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्यात रात्री. त्या आठवड्याची पाळी वायरमनकडून विचारून कागदावर लिहा आणि तो कागद पंपघरात नको, स्वयंपाकघरात लावा. कारण पाणी संपल्याचं पहिल्यांदा तिथेच कळतं. रात्रीची पाळी असेल तर पंप लावायला कोण उठणार त्याचं नाव त्याच कागदावर हवं. ‘कुणीतरी लावेल’ असं ठरलं की सकाळी सहाला नळाला फुसफुस येते.

टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर टाकायची असते. हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे पाच हजारांच्या टाकीला २५ ग्रॅम. पावडर थेट टाकीत ओतू नका. बादलीभर पाण्यात कालवा, दहा मिनिटं निवळू द्या, वरचं स्वच्छ पाणी टाकीत सोडा आणि खालचा चुना फेकून द्या. अर्ध्या-पाऊण तासाने सगळ्यात लांबच्या नळाचं पाणी घेऊन ओटी टेस्ट करा, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे थेंब त्यात टाकून बघा. पिवळसर रंग आला तर क्लोरीन पोचलं. रंग आलाच नाही तर पावडर जुनी आहे किंवा टाकीत गाळ आहे. उघड्या पोत्यातली टीसीएल महिन्याभरात निकामी होते. ओटीची बाटली आणि पावडर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असते. त्यांच्याशी ओळख करून ठेवा, सातही दिवस उपयोगी पडते.

गरम पाण्याला सौरबंब असला तरी पावसाळ्यात त्याच्यावर विसंबू नका. तांब्याचा जुना बंब सरपणावर पाऊण तासात तापतो. तो पावणेपाचला पेटवायचा. पेटवण्याआधी वारा कुठून येतो ते बघा. धूर सभागृहाच्या खिडक्यांतून आत गेला तर प्राणायामाच्या वर्गाला तो पुढे दोन तास पुरतो. सरपण आदल्या संध्याकाळी छपराखाली ओढून ठेवा, ओलं लाकूड धूरच जास्त करतं.

सभागृह

माणशी दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागा लागते. नेहमीची चटई सहा फूट बाय दोन फुटांची असते. उरलेली जागा हात पसरायला. तीस जणांना साठ चौरस मीटर झाले, शिवाय शिक्षकांची जागा आणि मधली वाट. जागा कमी पडत असेल तर चटया दाटीने लावू नका, रांगा अर्ध्या चटईने पुढे-मागे सरकवा, म्हणजे हात एकमेकांना लागत नाहीत.

फरशी पुसायचं काम वर्गाच्या तासभर आधी संपलं पाहिजे. शहाबादी फरशी पावसाळ्यात पाऊण तासातही सुकत नाही, म्हणून फडकं घट्ट पिळून घ्यायचं आणि मागून कोरडं फिरवायचं. ओल्या फरशीवर चटई सरकते आणि ताडासनातला माणूस सरळ तोंडावर येतो. सकाळच्या पुसण्यात फिनाइल नको, उदबत्ती-धूपही नको. तासाभराने खोल श्वास घ्यायचे असतात आणि दम्याचा एखादा तरी शिबिरार्थी असतोच. फिनाइलने पुसायचं तर रात्री, शेवटचा वर्ग झाल्यावर.

जमीन सारवलेली असेल तर खाली सतरंजी हवी. चटई पातळ असते आणि शेणमातीची जमीन पहाटे गार लागते.

अय्यंगार पद्धतीचा, म्हणजे साहित्याच्या आधाराने आसनं करायचा वर्ग असेल तर साहित्याचं काम वाढतं. पुण्यात १९७५ साली उभ्या राहिलेल्या रमामणी अय्यंगार संस्थेमुळे ही पद्धत महाराष्ट्रात खोलवर रुजली, त्यामुळे गावाकडच्या शिबिरातही लाकडी ठोकळे, लोड, पट्टे आणि घोंगड्या लागतात. तीस जणांना ६० ठोकळे, ३० लोड, ३० पट्टे आणि ६० घोंगड्या धरा. घोंगड्यांच्या घड्या सगळ्या एकसारख्या घाला आणि रचताना घडीची गोल कड एकाच बाजूला ठेवा. सर्वांगासनात खांद्याखाली तीच कड येते. सैल, सुरकुतलेली कड आली तर मानेवर भार जातो. नव्या माणसाला हे नखरे वाटतात. शिक्षकांना कड बघूनच कळतं की आज घड्या कुणी घातल्या.

वर्ग संपला की चटया लगेच गुंडाळू नका. घामाने ओल्या चटया गुंडाळल्या की तिसऱ्या दिवशी वास येतो आणि पावसाळ्यात बुरशी धरते. दोरीवर तासभर उलट्या टाका, सावलीतच, कारण रबरी चटई उन्हाने तडकते. एक दिवसाआड सौम्य साबणाच्या पाण्याचं फडकं फिरवलं की पुरे.

शवासनासाठी अंगावर घ्यायच्या चादरी वर्ग सुरू होण्याआधीच प्रत्येकाच्या डोक्याशी ठेवा. वर्गाच्या शेवटी अंग गार पडतं, आणि तेव्हा चादरी वाटत फिरणं म्हणजे शांत पडलेल्या माणसाच्या कानाशी पावलं वाजवणं.

आवाज

शवासन सुरू असताना कुकरची शिट्टी वाजली तर दोष कुकरचा नसतो, वेळापत्रकाचा असतो. आवाज करणारी कामं एका यादीत लिहा: कुकर, मिक्सर, पंप, भांडी घासणं, फाटकाची कडी, टेम्पो मागे घेताना वाजणारा भोंगा. प्रत्येकासमोर ते कधी करायचं नाही ते लिहा. शवासनाची वेळ शिक्षकांकडून मिनिटांत घ्या. साडेसहा ते आठच्या वर्गात ते साधारण पावणेआठला सुरू होतं.

मिक्सरचं सगळं काम आदल्या रात्री नऊच्या आत उरकतं: चटणी, ओलं खोबरं, आलं-मिरचीचं वाटण. सकाळी कुकर लावूच नये. मुगाची डाळ अर्धा तास भिजवली तर उघड्या पातेल्यात सहज शिजते. तूरडाळीला दोन तास भिजवणं आणि जाड बुडाचं पातेलं लागतं. भांडी सिमेंटच्या ओट्यावर न घासता खाली जुनं गोणपाट टाकून घासा, निम्मा आवाज तिथेच जातो. फाटकाच्या कडीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. दूधवाल्या दादांना गाडी शंभर पावलं अलीकडे उभी करायला सांगा. ते ऐकतात, फक्त आधी कुणीतरी सांगावं लागतं. शेजारच्या कोंबड्याचं काही करता येत नाही.

मौनाच्या दिवशी कार्यकर्त्यांनीही वाढताना बोलायचं नाही. मग ‘अजून हवं’ आणि ‘बास’ यांच्या खुणा आदल्या दिवशी ठरवून घ्या, नाहीतर सगळे हातवारे करत बसतात आणि हसू फुटतं.

चाळीस ताटांचा हिशेब

आसनांना पोट रिकामं लागतं. पूर्ण जेवणानंतर तीन-चार तास जावे लागतात. म्हणून स्वयंपाकघराचा उशीर नुसता भुकेपुरता राहत नाही. साडेबाराचं जेवण दीडला गेलं तर पाचच्या वर्गात भरल्या पोटाने पुढे वाकावं लागतं, आणि मळमळ झालेले दोघं-तिघं बाहेर येऊन बसतात. उशीर होणारच असेल तर शिक्षकांना बाराच्या आत कळवा. ते वर्गाचा क्रम बदलतील.

कोरडे पोहे माणशी ६० ग्रॅम, म्हणजे चाळिसांना २ किलो ४०० ग्रॅम. जाड पोहे घ्या आणि दोन खेपांत भिजवा. एकदम भिजवले की खालचे दबून गोळा होतो. रोवळीत धुऊन निथळत ठेवायचे, मीठ-साखर त्यातच हलक्या हाताने लावायची आणि फोडणी तयार झाल्यावरच परतायचे. वर्ग आठला सुटतो, पोहे पावणेआठच्या आधी भिजवू नका.

तांदूळ दुपारच्या जेवणाला माणशी ७० ग्रॅम, २ किलो ८०० ग्रॅम. वरणाची डाळ माणशी ४० ग्रॅम, १ किलो ६०० ग्रॅम. पोळ्या माणशी तीन धरून १२०. किलोभर कणकेच्या तीसेक पोळ्या होतात, तेव्हा चार किलो कणीक. एका तव्यावर तासाला साठ पोळ्या उतरतात, म्हणून दोन तवे आणि दोन लाटणारे हात असतील तर साडेअकराला सुरुवात करून चालते. एकच तवा असेल तर साडेदहाला बसावं लागतं आणि पहिल्या पोळ्या वातड होतात. तशी वेळ आली तर एक वेळ भाकरी किंवा नुसता भात ठेवा. ताक किलोभर दह्याचं चार-पाच लिटर होतं; चाळीस माणसांना दोन किलो दही.

पहिल्या दोन दिवसांत अन्न उरतं आणि चौथ्या दिवसापासून कमी पडतं. सुरुवातीला माणसं बिचकून जेवतात, मग व्यायाम आणि मोकळी हवा काम करते. चौथ्या दिवसापासून पोळ्या माणशी चार धरा.

गॅस १९ किलोची व्यावसायिक टाकीच वापरायची. घरगुती लाल टाकी शिबिराला लावणं बेकायदा आहे. टाकीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. रोज संध्याकाळी टाकी वजनकाट्यावर ठेवून तेवढं वजा करा, म्हणजे किती गॅस उरला ते कळतं. दोन दिवसांचे आकडे मिळाले की पुढचा अंदाज आपोआप येतो. हलवून बघण्यात अर्थ नाही.

एकादशी शिबिरात आली तर निम्मे लोक उपास सांगतात. साबुदाणा आदल्या रात्री भिजवा. भगर घेताना जपा: तयार पीठ आणू नका, सुटी आणू नका, वेष्टनातली अख्खी भगर तारीख बघून घ्या आणि निवडून, धुऊन वापरा. भगरीचं पीठ ओलावा चटकन धरतं आणि त्यात बुरशीचं विष तयार होतं. नवरात्रात, महाशिवरात्रीला विषबाधेच्या बातम्या येतात त्या यातूनच.

उरलेला भात रात्री बाहेर ठेवून सकाळी फोडणीचा भात करायची घरची सवय इथे सोडा. शिजलेला भात उबेत राहिला की त्यात असे जंतू वाढतात ज्यांचं विष परत गरम करूनही जात नाही. दोन तासांच्या आत पसरट ताटात गार करून फ्रीजमध्ये, नाहीतर गोठ्यात. शिवाय प्रत्येक वेळच्या प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून, तारीख-वेळ लिहून दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रीजमध्ये ठेवा. कुणाचं पोट बिघडलं तर डॉक्टरांना दाखवायला ती लागते.

नावनोंदणीच्या अर्जात लिहिलेली ॲलर्जी स्वयंपाकघरापर्यंत पोचली आहे का, ते पहिल्याच संध्याकाळी तपासा. शेंगदाणा हा आपल्याकडचा मोठा धोका आहे. पोह्यात, कोशिंबिरीत, खिचडीत, भाजीच्या रश्शात कूट जातोच आणि तो घातलाय हे कुणाला आठवतही नाही. अशी व्यक्ती असेल तर सात दिवस कूट बंद. वेगळं ताट करू म्हटलं तरी पळी एकच असते.

शुद्धिक्रियांचा दिवस

पडद्यामागच्या माणसांची खरी परीक्षा याच दिवशी असते. क्रिया शिकवणं आणि कुणी करायची, कुणी नाही ते ठरवणं शिक्षकांचं काम. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर, हर्निया असलेले आणि गर्भवती यांना शंखप्रक्षालन (मिठाचं पाणी पिऊन आतडी साफ करायची क्रिया) देत नाहीत. तुमच्याकडे शिक्षकांनी सही केलेली यादी हवी. यादीत नाव नसलेल्या माणसाला मिठाचं पाणी द्यायचं नाही, मग ती व्यक्ती कितीही आग्रह करो.

मीठ चमच्याने मोजू नका, वजन करा. बारीक मिठाचा चमचा आणि खडेमिठाचा चमचा यांच्या वजनात बराच फरक पडतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं तेव्हापासून या क्रिया प्रयोगशाळेत मोजून पाहण्याची परंपरा आपल्याकडे आहे. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यालाही ती लागू करायला हरकत नाही.

जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, आधी घेऊ:

१. पाणी खळखळ उकळा, उकळी आल्यावर किमान एक मिनिट. नळाचं, विहिरीचं किंवा फिल्टरचं पाणी न उकळता नाकात घालायचं नाही. गोड्या पाण्यात क्वचित सापडणारा एक अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो आणि तो आजार बहुतेक वेळा जीव घेतो. प्यायला चालणारं पाणी नाकाला चालतंच असं नाही.

२. लिटरला ९ ग्रॅम मीठ घाला. माणशी अर्धा लिटर धरून चोवीस जणांना १२ लिटर पाणी आणि १०८ ग्रॅम मीठ. थोडं जास्तीचं उकळून ठेवा, पण मिठाचं प्रमाण तेच ठेवा. मीठ कमी पडलं तर नाकात झोंबतं, जास्त झालं तर जळजळतं. वर्गातून ‘झोंबतंय’ अशी ओरड आली तर नव्वद टक्के वेळा दोष मोजमापात असतो.

३. मीठ विरघळल्यावर चौपदरी स्वच्छ सुती कापडातून दुसऱ्या उकळून घेतलेल्या पातेल्यात गाळा. खडेमिठात रेती असते.

४. झाकून कोमट होऊ द्या. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकल्यावर ना गार ना गरम लागला पाहिजे. गार करायला त्यात कच्चं पाणी ओतलं की पहिली पायरी वाया गेली.

५. नेतीपात्रांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवा. ज्याचं त्याचं पात्र. वापर झाल्यावर घासून, उकळत्या पाण्यातून काढून पालथी ठेवा.

लघुशंखप्रक्षालन असेल तर मोजमाप मोठं होतं. माणशी दोन लिटर कोमट पाणी, मीठ लिटरला ९ ते १० ग्रॅम. पंधरा जणांना ३० लिटर पाणी आणि जवळपास ३०० ग्रॅम मीठ. मीठ कमी असेल तर शरीर पाणी शोषून घेतं, ते लघवीवाटे जातं आणि पोट साफ होतच नाही. तिकडे वर्गात ताडासन, कटिचक्रासन, तिर्यक भुजंगासनाची फेरी पाचव्यांदा चालू असते. मीठ जास्त झालं तर उलट्या. पाणी गार झालं तर दोन पेल्यांनंतर कुणी पीत नाही, म्हणून १५ लिटरची दोन पातेली ठेवा, एक वर्गात आणि एक मंद आचेवर.

शौचालयं दोन माणसांमागे किमान एक. पाच शौचालयं असतील तर एका वेळी दहाच जण बसवा आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी. इथे ‘भागवून घेऊ’ चालत नाही. आलेली माणसं थांबू शकत नाहीत. प्रत्येक जण आठ-दहा वेळा जातो, दर वेळी दहा लिटर पाणी धरलं तर पंधरा जणांचे दीड हजार लिटर होतात. तो वरचा आकडा असा आला. प्रत्येक शौचालयात भरलेलं पिंप, बादली, टमरेल, साबण, आणि बाहेर एक कार्यकर्ता. खाली सेप्टिक टँक असेल तर ॲसिड आणि जास्त ब्लीचिंग ओतू नका, मैला जिरवणारे जिवाणू मरतात आणि दोन दिवसांनी वास सभागृहापर्यंत येतो. साध्या साबणाने ब्रश मारा.

क्रियेनंतर पाऊण तास विश्रांती, आणि लगेच खिचडी. पाऊण तासाच्या आत नको, फार उशीरही नको. माणशी ६० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम मूगडाळ. पंधरा जणांना ९०० ग्रॅम आणि ४५० ग्रॅम. पाणी सहापट, आठ लिटरच्या आसपास, म्हणजे खिचडी ओघळती होते. हळद, थोडं जिरं, बेताचं मीठ. मोहरी, मिरची, कढीपत्ता काही नाही. तूप माणशी २५ ग्रॅम, हात आखडू नका. चारशे ग्रॅम तूप एका जेवणाला गेलं म्हणून हिशेबनीसाने कपाळाला हात लावला तरी द्या. त्या दिवशी दूध, दही, ताक, कच्ची फळं, लोणचं बाहेर दिसेल असं ठेवूच नका. पाणी कधी प्यायचं ते शिक्षक सांगतील. कुणाला चक्कर, सतत उलट्या किंवा छातीत धडधड झाली तर खिचडी बाजूला ठेवून आधी शिक्षकांना आणि मग डॉक्टरांना बोलवा.

रात्र, साप आणि विंचू

शिबिरार्थी जमिनीवर गाद्या टाकून झोपतात आणि गावाकडच्या रात्रीत ही एकच गोष्ट खरोखर धोक्याची आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश बारीक असतो, सूज फारशी नसते, कित्येकदा माणूस जागाही होत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. शिबिरात अशा तक्रारीला ‘काल क्रिया झाली ना, म्हणून’ असं उत्तर दिलं जाण्याची भीती असते. पोटदुखीबरोबर पापण्या मिटत असतील तर सापाचा दंश धरूनच चाला.

खाटा मिळाल्या तर उत्तम. नसतील तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा चारही बाजूंनी गादीखाली खोचा. नुसती लोंबती मच्छरदाणी डासांनाही अडवत नाही. खोलीत धान्य, उघडा खाऊ नको, कारण उंदीर आले की मागून साप येतो. सरपण आणि विटांचा ढीग झोपायच्या खोलीपासून दूर. चपला झटकून घालायच्या, रात्री शौचालयाला बॅटरी घेऊनच जायचं, हे पहिल्या रात्री सगळ्यांना सांगा.

दंश झालाच तर माणसाला चालवू नका, चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, अंगठ्या-बांगड्या काढा. आवळपट्टी, चीर, चोखणं, मांत्रिक यातलं काहीही नाही. १०८ ला फोन करा. पण शिबिराआधीच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन सापाच्या विषावरची लस आज शिल्लक आहे का, ते प्रत्यक्ष विचारून या, आणि ते रुग्णालय किती मिनिटांवर आहे ते गाडीने जाऊन मोजा. कोकणात लाल विंचवासाठीही हेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिल्यापासून विंचूदंशाने होणारे मृत्यू पुष्कळ कमी झाले, पण ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची असते, तुमच्या पेटीतून नाही.

गावात मोबाइलला रेंज कुठे येते ती जागा सगळ्या कार्यकर्त्यांना माहीत हवी. अनेक वाड्यांवर ती एखाद्या आंब्याखाली किंवा देवळाच्या पायरीवरच असते.

आणखी थोडी कामं

चादरींचे माणशी दोन जोड उन्हाळ्यात पुरतात, पावसाळ्यात तीन लागतात, कारण चादर सुकायला दोन दिवस घेते. परदेशी पाहुणे असतील तर ते आल्यापासून २४ तासांच्या आत त्यांच्या मुक्कामाची माहिती सरकारला ऑनलाइन द्यावी लागते. पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती पहिल्याच संध्याकाळी घ्या, कारण रेंज गेली की दुसरा दिवस त्यातच जातो. आजारपणाची माहिती असलेले अर्ज कुलपात ठेवा. कुणाला कोणता आजार आहे याची चर्चा पोळ्या लाटताना होऊ नये.

रात्री साडेनऊला दिवे बंद झाले की कार्यकर्त्यांची दहा मिनिटांची बैठक घ्या. उभ्यानेच, बसलं की लांबते. उद्या पंप कोण लावणार, बंब कोण पेटवणार, चावी कुणाकडे, डाळ भिजली का, मीठ वजन करून पुडीत बांधलं का, गॅसचा आजचा आकडा किती. सगळ्यांची उत्तरं मिळाली की झोपायला जा. पावणेपाचला उठायचं आहे.